तह आणि वहिवाट

आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत बरीचशी भांडणे जमिनीच्या तुकड्यावरून होतात. वाडीचा गडगा हातभर इकडे सरकला की तिकडे, यावरून दोन घरे वीस-पंचवीस वर्षे कोर्टात उभी असतात. बाप तारखा करता करता मरतो आणि मुलगा त्याच वकिलाकडे कागदांची तीच पिशवी घेऊन जातो. ईदला शिरखुर्मा एकमेकांकडे जात नाही, लग्नाचे बोलावणे होत नाही. तरीही एक गोष्ट आम्ही लहानपणापासून पाहत आलो. गडग्यावरून भांडणारी ही घरे विहिरीकडे जाणारी वाट सहसा अडवीत नाहीत. मयत न्यायची वाटही अडवीत नाहीत. एखाद्याने रागाच्या भरात काट्या टाकून ती बंद केलीच, तर त्याच्या बाजूने साक्ष देणारे लोकही त्या दिवशी त्याच्या ओटीवर बसत नाहीत. जमिनीचा निकाल कदाचित त्याच्यासारखा लागेल, पण गावाच्या लेखी तो त्या दिवशी हरलेला असतो.

या वाटेला आपल्याकडे वहिवाट म्हणतात. ती कुणाच्या मालकीची नसते. जमीन त्याची, पण जाण्याचा हक्क सर्वांचा. भांडणाच्या आधीही ती असते आणि भांडण चालू असतानाही असते.

दोन देश भांडतात, पुढे तह होतो आणि संबंध सुरळीत झाल्याची बातमी येते, तेव्हा आम्हाला या वहिवाटेची आठवण होते. सुरळीत झाले म्हणजे नेमके काय झाले? वकिलाती उघडल्या, माल जाऊ-येऊ लागला, एवढ्याने शेजार पुन्हा उभा राहतो काय? आणि पुढे कधी संबंध बिघडले, तर जे जे सुरू केले ते सगळेच बंद करण्याचा हक्क उभय बाजूंना असतो, की त्यात काही वहिवाटही असते? हा प्रश्न परराष्ट्र खात्यांचा आहे असे मानून आपण मोकळे होतो. आम्हाला तो नीतीचा प्रश्न वाटतो.

त्याची पहिली साक्ष आपल्या दारातच उभी आहे. मुरुडच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. तेथून थोडे दक्षिणेला, राजपुरीसमोर, जंजिरा. जंजिरा सिद्दींचा, पद्मदुर्ग त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला. दोन सत्ता इतक्या जवळ, की एकीचा दिवा दुसरीला दिसावा. उत्तरेला अलिबागच्या समुद्रात हीच जोडी पुन्हा दिसते. 1679 मध्ये महाराजांनी खांदेरीवर किल्ला उभारायला घेतला आणि सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडले.

या दोन सत्तांचे वैर धर्माचे होते असे सांगणारे दोन्हीकडे आहेत. इतिहास तितका सोपा नाही. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. जंजिऱ्याच्या दफ्तरात हिंदू कारभारी होते. ज्या भट घराण्यातून पुढे पेशवे निघाले त्या घराण्याकडे सिद्दीच्या मुलखातली श्रीवर्धनची देशमुखी होती. सिद्दीशी बिनसल्यामुळे बाळाजी विश्वनाथांना गाव सोडावे लागले. पण म्हणून सिद्दीचे वकीलपत्र घेण्याचे आम्हाला काही कारण नाही. 1727 मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाची मोडतोड केली. त्याच देवस्थानाला जंजिऱ्याकडून पूर्वी इनाम मिळालेले होते. दान लोक विसरले, नासधूस लक्षात राहिली. मनुष्यस्वभावच तसा आहे, आणि जखम झालेल्याने जखम लक्षात ठेवली म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

1733 मध्ये जंजिऱ्याच्या गादीचा वाद पेटला तेव्हा बाजीरावांनी मोहीम काढली. वर्षानुवर्षे सिद्दीच्या ताब्यात असलेला रायगड त्याच वर्षी मराठ्यांकडे परत आला. खुद्द जंजिरा मात्र पडला नाही. 1736 च्या एप्रिलमध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजी आप्पांनी सिद्दी सातचा पराभव केला, तो तिथेच मारला गेला. त्याच वर्षी तह झाला. बाळाजी विश्वनाथांना ज्या सत्तेमुळे गाव सोडावे लागले, त्या सत्तेशी त्यांच्या मुलांनी करार केला. सिद्दी अब्दुल रहमानला जंजिऱ्याचा धनी मानले गेले आणि अकरा महालांचा वसूल उभयतांनी अर्धा अर्धा घ्यावा असे ठरले.

या तहात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली चांगली आहे. ज्याला संपवता आले नाही, त्याच्याबरोबर जगायला शिकायचे, हे उभय पक्षांनी कबूल केले. मने जुळल्यावर तह करायचा असे ठरवले असते तर तो कधीच झाला नसता. राग पोटात ठेवूनही कागदावर शिक्का मारता येतो, आणि त्या शिक्क्याने माणसे मरायची थांबतात. पुढे कुरबुरी झाल्याच. 1760 मध्ये उंदेरी मराठ्यांनी जिंकून घेतली. तरी पेशवाई 1818 मध्ये संपली, कुलाब्याचे आंग्रे 1840 मध्ये संपले आणि जंजिरा संस्थान 1948 मध्ये विलीन होईपर्यंत टिकून राहिले. एकमेकांना बुडवायला निघालेले शेजारी शेवटी एकमेकांच्या हातून बुडाले नाहीत.

दुसरी गोष्ट मात्र खटकते. तहात वाटणी झाली ती वसुलाची. एकाच गावावर दोन सरकारांचा हक्क, याला दुअंमल म्हणत. सरकारे समेटाला आली, तेव्हा रयतेच्या दारात दोन कारकून आले. भात तेवढेच, खळे तेच, पण धनी दोन. सुरळीत झालेले संबंध राजवाड्यातून जसे दिसतात तसे खळ्यावरून दिसत नाहीत. ज्यांच्या जमिनीवर लढाई झाली, त्यांना तह करताना कुणी विचारले नाही. म्हणून कोणत्याही समेटाची परीक्षा करायची, तर धन्यांना काय मिळाले एवढे पाहून भागत नाही. वहिवाट मोकळी झाली की नाही, हे पाहावे लागते.

आता जवळच्या काळात येऊ. ही गोष्ट आमच्या घरातलीच आहे.

आमच्या वडिलांची धाकटी बहीण, आमची फुफी, लग्न होऊन कराचीला गेली. फाळणीनंतरचीच ही गोष्ट, पण तेव्हा कुणाला ते परदेशी जाणे वाटले नव्हते. कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून राबलेली, मुंबई आणि कराची ही त्यांच्या लेखी एकाच समुद्राची दोन बंदरे. मुंबईहून आगबोट जात असे. कराचीत आजही कोकणींची वस्ती आहे, तिचे नावच कोकण सोसायटी. फुफी गेली आणि तिच्या मागे समुद्राला हळूहळू दारे बसत गेली. आधी परवाने आले होतेच, 1952 मध्ये पासपोर्ट आला, 1965 आणि 1971 ची युद्धे झाली.

1972 मध्ये सिमला करार झाला, 1974 अखेरीस व्यापारावरची बंदी उठवण्याचे ठरले आणि 1976 मध्ये दोन्ही देशांनी पुन्हा राजदूत नेमले. वर्तमानपत्रांनी संबंध सुरळीत झाल्याचे लिहिले. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच झाला, की दोन वर्षांनी वडिलांना व्हिसा मिळाला. जाताना त्यांनी आमसुले आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी नेली. पंधरा दिवस राहून परत आले. फुफीने काय विचारले, असे आईने विचारल्यावर म्हणाले, वाडीला पाणी लावायच्या पाळीवरून अजून भांडता काय, हेच तिने पहिल्यांदा विचारले. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. मुंबई आणि कराची येथील उभय देशांची व्हिसा देणारी कार्यालये 1994 मध्ये बंद झाली. व्हिसा हवा असेल तर दिल्ली गाठायची. पुढे फुफी आजारी असल्याचे कळले. वडिलांनी अर्ज केला, कागद जोडले, पुन्हा जोडले. होही आले नाही आणि नाहीही आले नाही. ती वारल्याची खबर आम्हाला कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या चुलतभावाच्या फोनवरून मिळाली. आम्ही मशिदीत दुआ मागितली. शेजारच्या गुरवांच्या घरातून त्या दिवशी जेवण आले. शोकाला पासपोर्ट लागला नाही एवढेच.

ही एका घराची गोष्ट म्हणून सोडून देता येईल. पण तिच्यात एक हिशेब लपलेला आहे. भारताने 1996 मध्ये पाकिस्तानला व्यापारात पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा दिला. पुलवामाच्या हल्ल्यानंतर 2019 च्या फेब्रुवारीत तो काढून घेतला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार थांबवला. दर्जा होता तेव्हाही व्यापार नावापुरताच होता आणि बराचसा माल दुबईच्या वळणाने जात असे. म्हणजे व्यापाऱ्याला वळणाचा रस्ता सापडत होता. बहिणीला भेटायला जाणाऱ्या म्हाताऱ्याला दुबईचा रस्ता परवडत नव्हता. संबंध तुटतात तेव्हा श्रीमंत माल वळसा घालून पोचतो, गरीब माणूस मात्र आहे तिथेच अडकतो.

इथे आम्हाला एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. समुद्र मोकळा ठेवा म्हणता, पण त्याच समुद्रातून काय आले ते तुम्हालाच ठाऊक नाही काय? ठाऊक आहे. 1993 च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला, आमच्याच किनाऱ्यावर, शस्त्रे आणि स्फोटके उतरली. 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मेली. ते उतरवणाऱ्यांत आमच्या भागातली, आमच्या नावाची माणसे होती. बाबरी पाडल्यानंतरच्या दंगलींत आमच्या लोकांवर काय गुदरले ते आम्हाला माहीत आहे, पण रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसांच्या मरणाचे समर्थन त्यातून निघत नाही. हे आम्ही कुणाला दाखवण्यासाठी म्हणत नाही. एका जिवाचा अन्यायाने घात म्हणजे सगळ्या मानवजातीचा घात, हे ज्यांना लहानपणीच शिकवले गेले, त्यांनी ते स्वतःशीच आधी म्हणायला हवे. त्यानंतर कित्येक वर्षे कराचीत आपली फुफी आहे हे सांगताना आमचा आवाज खाली जायचा, तोही त्या स्फोटांचाच परिणाम.

पण याच घटनेकडे नीट पाहू. 1993 साली मुंबई-कराची अशी उतारूंची बोट उरलीच नव्हती. स्फोटके व्हिसा घेऊन आली नाहीत. ती चोरवाटेने आली आणि ती वाट मोकळी करून दिल्याबद्दल जकात खात्यातले अधिकारी आणि पोलीसही कोर्टात दोषी ठरले. 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारेही एका मच्छिमार बोटीचे अपहरण करून आले. दार बंद केल्याने चोर थांबला नाही, पाहुणा थांबला. गस्त कडक करावी, बंदरावर प्रामाणिक माणूस बसवावा, गुन्हेगाराला शिक्षा व्हावी. राज्याचे हे कर्तव्यच आहे. मात्र चोराचा राग पाहुण्यावर काढला, तर त्याला बंदोबस्त म्हणता येत नाही.

या प्रश्नावर आपल्या परंपरेत काय सापडते? प्रेषित मुहंमद (स.) यांच्या हयातीतल्या दोन घटना आम्हाला इथे महत्त्वाच्या वाटतात.

पहिली यमामाच्या धान्याची. यमामाचा सरदार सुमामा बिन उसाल याने इस्लाम स्वीकारला आणि मक्केला जाणारे धान्य अडवले. मक्केवाले तेव्हा वैरी होते. त्यांनी मुसलमानांना घराबाहेर काढले होते आणि पूर्वी तर तीन वर्षे त्यांच्यावर बहिष्कार घालून उपाशी ठेवले होते. परतफेडीची याहून सोपी संधी कोणती? पण मक्केतून नात्याची याद देणारे पत्र आले, आणि प्रेषितांनी धान्य जाऊ देण्यास कळवले. वैर मिटले नव्हते, पण दाण्यावर हात ठेवायचा नाही, ही वहिवाट वैरातही राखली गेली.

दुसरी घटना अधिक अवघड आहे. इ.स. 628 मध्ये हुदैबियाचा तह लिहिला जात होता. मक्केतून पळून येणाऱ्याला परत पाठवायचे, असे त्यात एक कलम होते. शाई वाळण्यापूर्वीच अबू जंदल बेड्यांसकट तिथे येऊन पोचला. मक्केच्या बाजूने तह ठरवणारा सुहैल हा त्याचाच बाप. शब्द दिला होता म्हणून अबू जंदलला परत पाठवण्यात आले. सोबत्यांना ते सोसवले नाही. दिलेला शब्द पाळण्याची याहून कठोर कसोटी आम्हाला माहीत नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. असे परतवलेले लोक पुढे निसटून समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर जमले, मक्केच्या काफिल्यांना जाणे अशक्य झाले, आणि अखेर मक्केवाल्यांनीच ते कलम रद्द करण्याची विनंती केली. आम्ही यातून दोन अर्थ घेतो. शब्द वैऱ्याला दिला असला तरी तो शब्दच असतो. आणि तहाचा सगळा भार बेडी घातलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकणारे कलम फार दिवस टिकत नाही. अकरा महालांतल्या त्या रयतेलाही यातले काहीतरी ओळखीचे वाटले असते.

आज हे लिहिताना 2025 ची आठवण टाळता येत नाही. 22 एप्रिलला पहलगाममध्ये 26 माणसांना मारण्यात आले. त्या क्रौर्याला माफी नाही. त्यानंतर अटारीची वाट बंद झाली, व्हिसे रद्द झाले, उपचारासाठी आलेल्यांनाही थोड्या दिवसांची मुदत मिळाली. सिंधू पाणीवाटपाचा 1960 चा करार तीन युद्धांतून टिकला होता, तो भारताने स्थगित ठेवला. पाकिस्तानने व्यापार आणि आकाश बंद केले. मे महिन्यात भारताने तिकडून येणारा माल आणि टपालही थांबवले. मग तोफा आणि विमाने. यातले काय योग्य आणि काय अयोग्य, यावर आमच्यातही मतभेद आहेत. जखमी देशाला रागवण्याचा हक्क आहे, हे आम्ही मानतो.

पण त्याच वर्षी 1 जुलैला एक लहानशी बातमी आली होती. दोन्ही देशांनी एकमेकांच्या तुरुंगात असलेल्या कैद्यांच्या आणि मच्छिमारांच्या याद्या एकमेकांना दिल्या. 2008 च्या करारानुसार दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला त्या द्यायच्या असतात. अणुकेंद्रांच्या याद्याही 1992 पासून दर 1 जानेवारीला दिल्या जात आल्या आहेत. कारगिल झाले, मुंबई झाली, तरी त्या थांबल्या नाहीत. जाळ्याच्या ओढीत सागरी हद्द ओलांडलेल्या पालघरच्या किंवा सौराष्ट्राच्या खलाशाचे नाव त्या यादीत असते. यादी म्हणजे सुटका नव्हे. पण तो जिवंत आहे, कोठे आहे, हे त्याच्या बायकोला कळते. उभय देशांतला हा सर्वांत टिकाऊ समेट असावा, आणि त्याच्यावर कुणी अग्रलेख लिहिल्याचे आम्हाला आठवत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. समेट होतो तेव्हा बाजार, वकिलात, खेळ हे सगळे खुशाल सुरू करावे. पुढे बिनसले तर त्यातले काही बंदही करावे. ते दोघांच्या मर्जीचे व्यवहार आहेत. पण समेटाच्या दिवशीच, राग शांत असताना, काही गोष्टी वेगळ्या काढून ठेवाव्यात: मच्छिमाराचे नाव, आजाऱ्याचे औषध, मयतीला जाण्याची मुभा, रक्ताच्या नात्याचे पत्र. त्यांना अमानत म्हणावे, वहिवाट म्हणावे. त्या दुसऱ्याच्या चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हेत, म्हणून त्याच्या वाईट वागणुकीची शिक्षा म्हणूनही त्या काढून घेऊ नयेत.

हा उपदेश फक्त दिल्ली आणि इस्लामाबादला करून आम्हाला सुटता येणार नाही. आम्ही आमच्या गावात काय करतो? दुसऱ्या जमातीच्या माणसाशी वाद झाला की त्याच्या दुकानावर जायचे नाही असे ठरवणारे आमच्यातही निघतात, आणि आमच्याकडून मासळी घ्यायची नाही असे म्हणणारे त्यांच्यातही. दोन्हीकडून काट्या टाकल्या जातात. अशा वेळी वाटेवरची पहिली काटी उचलणारा माणूस भित्रा ठरतो. त्याने ती तरीही उचलावी.

वडील गेल्यानंतर वाडीच्या दाव्याचे कागद आमच्याकडे आले. गडग्याचा निकाल अजून लागलेला नाही. पलीकडच्या घराशी आमचे बोलणे बेताचेच आहे. पण पाणी पाळीनेच लागते, आणि विहिरीकडची वाट पावसानंतर साफ करायची ती एका वर्षी त्यांनी, एका वर्षी आम्ही. यंदाची पाळी आमची आहे.